इलेक्ट्रिक स्कूटर: नऊ महिने, नऊ हजार किलोमीटर आणि साइड स्टँडचा एक सेन्सर

हा अनुभव मी जूनमध्येच लिहायला घेतला होता. तेव्हा डोळे मिटून पाचपैकी पाच दिले असते. मग जुलैचा दुसरा आठवडा आला, 7 ते 12 तारीख, आणि त्यात तीन दिवस ओळीने भर पावसात गाडीने मला रस्त्यावर उभं केलं. तिन्ही वेळा कारण एकच, साइड स्टँडचा सेन्सर. स्टँड खाली असला की तो गाडी चालू देत नाही. बॅटरी, रेंज, टॉप स्पीड हे सगळं तुम्हाला पाठ असेल. मी अंगठ्याच्या पेराएवढ्या या वस्तूबद्दलच जास्त लिहिणार आहे, कारण गाडी घेताना तिच्याबद्दल मला कोणीही अवाक्षर सांगितलं नव्हतं.

आधी माझा वापर सांगते. मी नागपुरात, धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी सहापासून घरोघरी जाऊन रक्ताची सॅम्पल घ्यायची, मग लॅबमध्ये ड्युटी. घर बेसा रोडला. खामला, प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, नरेंद्रनगर असं फिरणं होतं. दिवसाला 38-40 किलोमीटर. घरात मी आणि तिसरीतली लेक, चार वर्षांपासून दोघीच. मी पहाटे निघते तेव्हा ती झोपलेली असते, शेजारच्या काकूंकडे किल्ली असते, साडेआठला मी परत येऊन तिला शाळेत सोडते. ही घडी पंधरा मिनिटं जरी चुकली तरी दिवस पुरता विस्कटतो, म्हणून गाडी चालू होणं न होणं हा माझ्यासाठी सोयीचा प्रश्न नाही.

गाडी घेतली 2024 च्या दसऱ्याला, 12 ऑक्टोबरला. इलेक्ट्रिक गाड्यांसाठीची केंद्र सरकारची पीएम ई-ड्राइव्ह सबसिडी तेव्हा नुकतीच सुरू झाली होती, बॅटरीच्या दर किलोवॅट-तासाला 5,000 आणि जास्तीत जास्त 10,000, ती थेट बिलातून वजा झाली. त्या दहा हजारांमुळेच मी हो म्हटलं.

पैशांच्या बाबतीत गाडीने शब्द पाळला. माझी जुनी पेट्रोल गाडी लिटरला 40 द्यायची. 104 रुपये लिटरने किलोमीटरला दोन रुपये साठ पैसे, महिन्याच्या हजार किलोमीटरचे 2,600. ही गाडी एका फुल चार्जला साधारण साडेतीन युनिट घेते आणि इको मोडमध्ये मला 85 किलोमीटर देते. वरच्या टप्प्यातलं युनिट मला सगळे आकार धरून 13 रुपयांच्या आसपास पडतं. म्हणजे एका चार्जचे 45, महिन्याचे जेमतेम साडेपाचशे. दर महिन्याला दोन हजार वाचतात आणि ते मी वहीत वेगळे मांडते, लेकीच्या नावाने. नऊ महिन्यांत अठरा हजारांच्या वर गेले.

दुसरा आनंद डिक्कीचा. हे कुठल्याच जाहिरातीत नाही. जुन्या गाडीत डिक्कीच्या खालीच इंजिन, उन्हाळ्यात डब्बा आपोआप गरम व्हायचा आणि माझ्या सॅम्पलच्या पेटीतले जेल पॅक सकाळी दहालाच पाणी पाणी व्हायचे. या गाडीत बॅटरी पायाखाली आणि मोटर मागच्या चाकाशी. 2025 च्या एप्रिलमध्ये नागपूरचा पारा 44 च्या वर गेला होता, त्या दिवसांतही पेटी दुपारी बाराला उघडली तेव्हा जेल पॅक हाताला गार लागत होते. या कामात याची किंमत काय आहे ते माझ्यासारख्या लोकांनाच कळेल. उन्हातून आल्याबरोबर प्लग लावला तर चार्जिंग संथ चालतं, तासभर गाडी सावलीत ठेवून मग लावा, एवढीच उन्हाळ्याची तक्रार.

आता तो आठवडा.

आषाढी रविवारी होती, काकू पंढरपूरला गेलेल्या. त्यामुळे सोमवारी पहाटे लेकीला उठवून, रेनकोट घालून सोबत घेतलं. खामल्यात एका आजींचं फास्टिंगचं सॅम्पल घेतलं, खाली आले, स्टँड वर केला आणि गाडी ढिम्म. स्क्रीनवर साइड स्टँडचं लाल चिन्ह. स्टँड वर आहे हे मला दिसत होतं, गाडीला दिसत नव्हतं. खाली-वर, खाली-वर, वीस वेळा केलं. स्विच बंद करून परत सुरू केला. पाऊस सुरूच. लेक मागून जोर लावून ढकलत होती, पण ढकलून ही गाडी सुरू होत नसते, हे तिला काय माहीत.

शेवटी ऑटो केला. आधी शाळा, मग धंतोली. लेक ऑटोत पेटी मांडीवर घेऊन बसली, दोन्ही हातांनी धरून, गड्डा आला की पेटी थोडी उचलायची म्हणजे आतल्या ट्यूबना धक्का नको. मी तिला हे कधी शिकवलं नव्हतं. शाळेत वीस मिनिटं उशीर झाला, डायरीत लाल शेरा आला.

त्याच आजींचं पीपी, म्हणजे जेवणानंतरचं, सॅम्पल घ्यायचं होतं. जेवण सुरू केल्यापासून बरोबर दोन तासांनी घ्यावं लागतं, उशीर झाला तर त्या आकड्याला अर्थ राहत नाही. परत ऑटो करून वेळेवर पोचले. येताना सहज स्टँडला पायाने ठोकलं आणि गाडी सुरू! मी म्हटलं चला, पाणी गेलं असेल, वाळलं.

मंगळवारी लॅबच्या दारात पुन्हा तेच. कंपनीच्या हेल्पलाइनवर फोन केला. तीन तासांत गाडी उचलायला येतील म्हणाले. तीन तास माझ्याकडे नव्हते. जवळच्या गल्लीत एक मिस्त्री बसतो, पेट्रोल गाड्यांचाच, त्याला बोलावलं. तो गुडघ्यावर बसला, टॉर्च मारला आणि म्हणाला, "ताई, स्टँड पुरा वर जाऊनच नाही राहिला. पाहा तुम्ही."

मी पण वाकून पाहिलं. स्टँडच्या बुडाशी लोहचुंबकाचा एक छोटा तुकडा असतो आणि समोर गाडीच्या चौकटीवर सेन्सर. स्टँड पूर्ण वर गेला की चुंबक सेन्सरच्या समोर येतो, मग गाडीला कळतं की निघायला हरकत नाही. आमच्या बेसा रोडच्या चिखलात बारीक गिट्टी असते. ती स्टँडच्या खाचेत जाऊन बसली होती आणि स्टँड दोन-तीन मिलिमीटर अलीकडेच अडकत होता. डोळ्यांना तो वरच दिसतो. सेन्सरला नाही. मिस्त्रीने पाण्याची बाटली ओतली, जुन्या टूथब्रशने घासलं, दहा मिनिटांत गाडी चालू. पन्नास रुपये दिले तर वीस परत केले.

तो हेही म्हणाला की वायर कापून जोडून देतो, मग कटकटच नाही. मी नाही म्हटलं. वॉरंटी तर जातेच, पण मागे लेक बसते. स्टँड खाली राहिला आणि डावीकडे वळताना तो रस्त्याला टेकला तर गाडी सरळ आडवी होते. हा सेन्सर असायलाच हवा, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. माझं भांडण तो आहे म्हणून नाही, तो इतक्या उघड्यावर लावलाय म्हणून आहे.

मंगळवारी रात्री लाइट गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. पार्किंगमधला प्लग लावलेला, पण चार्ज 34 टक्क्यांवरच. पाऊस असा की समोरची बिल्डिंग दिसेना. साडेपाचला मोबाइल पाहिला, बुधवारी, 9 जुलैला, शाळांना सुट्टी. मला मात्र दोन घरी जायचंच होतं, त्यातले एक आजोबा ऑपरेशनआधीच्या तपासण्यांचे. लेकीला परत सोबत घेतलं. 34 टक्के म्हणजे हिशोबाने 28-29 किलोमीटर, आणि इथे गाडीने साथ दिली, आकडा खोटा निघाला नाही. नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी भरणार हे ठाऊक होतं, म्हणून लांबून वर्धा रोडने गेले.

छत्रपती चौकात, चालत्या गाडीत, एकदम पॉवर गेली. अ‍ॅक्सिलरेटर पिळतेय आणि गाडी नुसती घरंगळतेय. मागे सिटी बस, हॉर्नवर हॉर्न, लेकीने माझा रेनकोट घट्ट पकडला. कशीबशी कडेला घेतली. स्क्रीनवर तेच लाल चिन्ह. टूथब्रश सोबत होता, घासला, निघालो. पण माझे हात लॅबला पोचेपर्यंत थरथरत होते. रक्त काढायचं काम आहे माझं. सुई धरण्याआधी मी पाच मिनिटं नुसती बसून राहिले.

उभी गाडी सुरू न होणं वेगळं आणि भर चौकात बंद पडणं वेगळं. त्या दिवशी ठरवलं की गाडी विकायची.

गुरुवारी अर्धी रजा टाकून सर्व्हिस सेंटर. तिथल्या माणसाने पाहिलं न पाहिलं आणि सांगितलं, स्टँडची पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, 1,850 रुपये, पार्ट यायला आठ दिवस, आणि चिखलाने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. मी विचारलं, "दादा, साइड स्टँड जमिनीपासून चार बोटांवर असतो. पावसाळ्यात त्याला चिखल लागणार नाही तर कशाला लागेल?" तर म्हणे, "मॅडम, तुम्ही गाडी कुठे चालवता त्यावर आहे." मी गाडी नागपूरच्या रस्त्यांवर चालवते आणि ती मला नागपुरातच विकली आहे.

आवाज चढवला नाही. जॉब कार्ड, म्हणजे त्यांचा दुरुस्तीच्या नोंदीचा कागद, मागितलं आणि त्यावर माझ्या हाताने लिहिलं: "9 जुलैला चालत्या गाडीत पॉवर गेली, मागे आठ वर्षांची मुलगी होती." त्याखाली त्यांची सही घेतली. तिथेच बसून 1915 वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली आणि तक्रारीचा क्रमांक जॉब कार्डवर लिहिला. शुक्रवारी दुपारी फोन आला की पार्ट मिळालाय, वॉरंटीत बसवून देतो. आठ दिवसांचा पार्ट एका दिवसात आला.

शुक्रवार गाडीविना काढला. छत्रपती चौकापर्यंत ऑटो, तिथून मेट्रोने काँग्रेसनगर. मेट्रो वेळेवर, गार, स्वच्छ, तक्रार नाही. पण मेट्रोने दारोदार सॅम्पल घेता येत नाहीत. त्या आठवड्याचा माझा हिशोब असा: ऑटोचे 640, घरभेटीचे बुडालेले 1,080, अर्धी रजा वेगळी. जवळपास महिन्याची बचत एका सेन्सरपायी गेली.

शनिवारी पार्ट बसवताना मी बाजूलाच उभी राहिले. आणि इथे मला सर्वात जास्त राग आला. नव्या सेन्सरवर रबराची टोपी होती. वायरच्या जोडावरही रबर, आणि खाचेवर पत्र्याची पट्टी, गिट्टी आत जाऊ नये म्हणून. माझ्या जुन्यावर यातलं काहीच नव्हतं. मेकॅनिक पोरगा सरळ होता, त्याने सांगून टाकलं की नवीन गाड्यांना असंच येतं. म्हणजे दोष त्यांना माहीत होता, त्यांनी तो सुधारलाही होता. मग ज्यांच्याकडे जुना पार्ट आहे त्यांना एक मेसेज करायला काय जात होतं? दर आठवड्याला नव्या रंगांचे मेसेज येतातच ना.

आज तीन आठवडे झाले. या दिवसांत पाऊस भरपूर झाला, लाल चिन्ह एकदाही आलं नाही. विकायचा विचार मी सोडला आहे. दोन हजार महिन्याला सोडवत नाहीत आणि गार डिक्कीची सवय झाली आहे. पण पाचपैकी पाच आता नाहीत. साडेतीन. गाडीला साडेचार दिले असते, एक त्या टोपीचा कापला, जी पहिल्या दिवसापासून असायला हवी होती.

ज्यांच्याकडे माझ्यासारखी जुनी गाडी असेल त्यांनी आजच वाकून स्टँडच्या बुडाशी बघा. सेन्सर उघडा दिसला तर बंद पडायची वाट न पाहता सर्व्हिस सेंटरला जा आणि "रबराच्या टोपीवाला नवीन पार्ट वॉरंटीत द्या" एवढ्याच शब्दांत मागा. नाही म्हणाले तर ते जॉब कार्डवर लिहून मागा. आणि डिक्कीत एक जुना टूथब्रश ठेवा. आमच्याकडचा गुलाबी आहे, लेकीचा. रोज संध्याकाळी गाडी लावली की तीच खाली बसून खाच घासते आणि स्टँड वर करून बघते, "टक्" आवाज आला की मला अंगठा दाखवते.