हिंगणघाट ते चट्टोग्राम, ट्रक-रेल्वे-जहाज एकाच बिलावर: वाशीच्या फॉरवर्डरचा अनुभव

आमचं ऑफिस ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये, माल हिंगणघाटच्या मिलचा कॉटन यार्न, आणि गिऱ्हाईक बांगलादेशातलं. आधी सगळं ट्रकने पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोल सीमेवरून जायचं, पण एप्रिल 2025 मध्ये बांगलादेशने जमिनीच्या रस्त्याने सूत घेणं बंद केलं आणि एका झटक्यात समुद्राशिवाय मार्गच उरला नाही. मग शोधाशोध करून वाशीच्या एका फॉरवर्डरला (मालवाहतुकीची सगळी व्यवस्था लावून देणारी कंपनी) 40 फुटी हाय-क्यूब (जास्त उंचीचे) 3 कंटेनर दिले, मिलपासून चट्टोग्रामपर्यंत सगळं त्यांनीच बघायचं, बिल एकच. नाव टाकत नाही कारण पुढे एक तक्रार पण लिहिलीये.

आधी चांगलं सांगते. पहिल्या खेपेला मी स्वतः मिलवर गेले होते. एम्प्टी, म्हणजे रिकामा कंटेनर (आम्ही बॉक्स म्हणतो), आला की आधी आत शिरायचं, बाहेरच्याला दार बंद करायला लावायचं आणि अंधारात वर बघत उभं राहायचं, कुठून उजेडाचा ठिपका दिसला तर तो बॉक्स परत. पहिल्याच बॉक्सला छताच्या कोपऱ्यात टाचणीएवढं भोक दिसलं. जुलै महिना, सूत म्हणजे ओल लागली की कोन (सूत गुंडाळलेले शंकू) पिवळे पडले समजा. मी फोन केला, त्यांनी वाद न घालता दुसऱ्या दिवशी दुसरा बॉक्स पाठवला, पैसे नाही घेतले. स्टफिंगनंतर, म्हणजे माल भरल्यावर, ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगणं, ई-सील (इलेक्ट्रॉनिक सील) लावणं, व्हीजीएमचं वजन (भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं एकूण वजन; 1 जुलै 2016 पासून हे दिल्याशिवाय भरलेला बॉक्स जहाजावर चढत नाही) सगळं त्यांच्या माणसाने उभं राहून करून घेतलं.

तिथून ट्रेलरने नागपूरच्या आयसीडीला (बंदरापासून दूर असलेला कस्टमचा कंटेनर डेपो), शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टमचा अर्ज) तिथेच, कस्टमचं लेट एक्सपोर्ट (माल बाहेर न्यायची परवानगी) पण तिथेच, म्हणजे रेल्वेने न्हावा शेवाला (जेएनपीटी बंदरात) पोचल्यावर सील धड असलं की पुन्हा कागदांची रांग नाही. ज्यांनी पावसात बंदराच्या रस्त्यावर गव्हाण फाटा ते करळ फाट्यापर्यंत ट्रेलरची रांग पाहिलीये आणि ड्रायव्हरचा "मॅडम, अजून हललो नाही" असा फोन घेतलाय त्यांना रेल्वेची किंमत कळेल. समृद्धीवरून ट्रेलर लवकर येतो हे खरंय, पण तो येऊन भिवंडीजवळ आमनेला उतरतो आणि पुढे आमच्याच ठाणे-कळंबोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकतो, त्यात अवजड गाड्यांना बंदीच्या वेळा. वजनदार माल एवढ्या लांबून आणायचा तर मला रेल्वेच बरी वाटते.

पण रेल्वेचं एक आहे, रेक (अख्खी मालगाडी) भरेपर्यंत हलत नाही. एका रेकला 45 वॅगन, म्हणजे 40 फुटी धरले तर 45 बॉक्स लागतात. आमचा रेक 2 दिवस उशिरा निघाला. ते मी समजू शकते. जे समजू शकले नाही ते पुढचं.

जेएनपीटीत टर्मिनल (जहाजं लागायची वेगवेगळी ठिकाणं) एक नाही, अनेक आहेत, आणि आपलं जहाज ज्या टर्मिनलला लागणार तिथेच बॉक्सचं गेट-इन (गेटमधून आत जाणं) व्हायला लागतं. आमच्या जहाजाचा टर्मिनल मधेच बदलला, लाईनने (जहाज कंपनीने) मेल पण टाकला होता, फॉरवर्डरच्या ऑफिसमध्ये कोणी तो उघडलाच नाही. बॉक्स उतरले जुन्याच ठिकाणी. रात्री 11 ला मला फोन, कट-ऑफ (बॉक्स आत घ्यायची शेवटची वेळ) सकाळी 6 चा. मग रातोरात ट्रेलर लावून बॉक्स हलवले, त्यांचा एक मुलगा पहाटेपर्यंत गेटवर उभा होता, 2 वाजता त्याचा मेसेज आला, "ताई, तिन्ही आत गेले." त्या मुलाला माझे पैकीच्या पैकी मार्क. ऑफिसला नाही, कारण त्या शिफ्टिंगचे पैसे वर आमच्याच बिलात लावले होते. भांडल्यावर निम्मे कमी केले. निम्मे तरी आम्ही का द्यायचे?

पुढे कोलंबोला बॉक्स छोट्या फीडर जहाजावर चढले, कारण चट्टोग्राम कर्णफुली नदीवरचं बंदर, मोठी जहाजं आत जात नाहीत. चट्टोग्रामला पार्टीने (गिऱ्हाइकाने) कार्टन उघडून फोटो पाठवले, एकही कोन ओला नाही. फोटो बघून मिलच्या मॅनेजरकाकांना लगेच फोन लावला.

कोणाला अशी सर्व्हिस घ्यायची असेल तर एक नक्की बघा, समोरचा मल्टीमोडल ऑपरेटर (ट्रक, रेल्वे, जहाज सगळं एकाच करारात नेणारा) म्हणून डीजी शिपिंगकडे (केंद्र सरकारचं जहाज वाहतुकीचं खातं) रजिस्टर आहे का. 1993 चा कायदा आहे, त्याखाली जो कागद देतो त्याच्यावर मिलच्या दारापासून शेवटपर्यंतची जबाबदारी येते, नुकसान ट्रकमध्ये झालं की बोटीवर हे कळलं नाही तरी. नाहीतर ट्रकवाला रेल्वेकडे, रेल्वे लाईनकडे बोट दाखवते आणि आपण मधे. भरपाईला मर्यादा असते, म्हणून विमा वेगळा काढाच.

5 पैकी साडेतीन. पुढचे 2 बॉक्स त्यांनाच दिलेत, पण बुकिंगच्या मेलमध्ये लिहून घेतलंय की टर्मिनल बदलला तर त्याच दिवशी कळवायचं आणि शिफ्टिंगचा खर्च त्यांचा. "ओके मॅडम, नोटेड" असं उत्तर आलंय, प्रिंट काढून फाईलला लावलाय.