बिलावर हेलिकॉइल, भोकात एम-सील

चोर्ला घाट चढून थांबलो तेव्हा उजवा बूट तेलाने माखला होता. इंजिनाच्या बाजूच्या टायमिंग कव्हरच्या खालच्या स्क्रूला बोट लावलं, तो नुसताच गोल फिरला. ओढला तर हातात आला. आट्यांवर वायरीतली तांब्याची तार गुंडाळलेली आणि वर राखाडी एम-सील!

बाबांची बुलेट जीडी (गोवा, दमण, दीव) नंबरची, म्हणजे 1987 साली गोवा राज्य झालं त्याच्याही आधीची. आमच्या खाऱ्या, दमट हवेत अ‍ॅल्युमिनियममधले लोखंडी स्क्रू पांढरी भुकटी धरून असे चिकटतात की काढताना आटे घेऊनच बाहेर येतात. माझे सहा गेले. त्यात जुन्या बुलेटचे आटे इंची. पाव इंच म्हणजे 6.35 मिमी, त्या भोकात बाजारातला 6 मिमीचा स्क्रू शोभेपुरताच.

म्हापशाकडच्या एका गॅरेजवाल्याने सहा हेलिकॉइलचे, म्हणजे गेलेल्या भोकात नवे आटे बसवायचे, तीन हजार सांगितले. "चवथी आदीं गाडी दितां, टेन्शन घेवं नाका." मी खरंच घेतलं नाही. बिलावर 'हेलिकॉइल 6 नग' सुवाच्य अक्षरात. थंड इंजिनावर पाना लावून दाखवला, एकदम घट्ट. इंजिन तापलं की आतलं लिंपण सुटणार हे त्याला ठाऊक असणारच.

डिचोलीतल्या म्हाताऱ्या टर्नरकडे, म्हणजे लेथवाल्याकडे, गेलो तेव्हा खरी हेलिकॉइल पहिल्यांदा पाहिली. स्टेनलेस तारेची बारीक स्प्रिंग. 6 मिमीच्या स्क्रूसाठी भोक 6.3 मिमीचं लागतं, म्हणजे आटे गेलेलं पाव इंची भोक जवळपास तयारच. मग तिचाच खास टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार; साधा 6 चा टॅप चालत नाही. स्प्रिंग पृष्ठभागाच्या किंचित खाली बसवायची आणि तळाचं आडवं शेपूट मोडून काढायचं. म्हणून कव्हर चढण्याआधी गॅरेजमध्ये जा, प्रत्येक भोकात टॉर्च मारा. आत चकचकीत तारेचे वेढे दिसले पाहिजेत. मोडलेली शेपटंही मागा, मोजून. टर्नरने माझी सहा झाकणात ठेवली होती, न मागता.

बिल घेऊन पहिल्या गॅरेजवाल्याकडे गेलो. बिल उलटंसुलटं करून म्हणाला, "घाटात न्यायची होती तर आधी सांगायचं ना, बाब."