टिपकागद, पाचवी लेव्हल: आठ महिने वापरून

आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो: प्रत्येकाचं एक पात्र, गोष्ट आणि नियम सांभाळायला डीएम (डंजन मास्टर), निकाल फाशांवर. टिपकागद हे माझं डिटेक्टिव्ह पात्र. मागच्या एका रविवारी त्यानं भलत्याच माणसाला पकडून दिलं, आणि खरा खुनी कुठल्या धंद्यातला ते इंटेलिजन्स (बुद्धीचा आकडा) ८ असलेल्या बार्बेरियननं (दुसऱ्या गड्याचं रानटी योद्ध्याचं पात्र) सांगितलं. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून हे लिहायला बसलोय. टिपकागद रोग-इन्क्विझिटिव्ह आहे, म्हणजे चोर-लबाडांच्या वर्गातला शोध घेणारा, आणि पॉइंट-बायनं केलाय, म्हणजे ठरलेले सत्तावीस गुण सहा क्षमतांवर वाटून. आम्ही अजून २०१४ च्याच नियमांवर खेळतो. नव्या पुस्तकांसाठी वर्गणी काढायचा विषय दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा चहा आला. इन्क्विझिटिव्ह फुकटच्या नियमांत नाही, २०१७ च्या पूरक पुस्तकात आहे. ते डीएमकडं आहे. मी त्यातली दोन पानं वहीत उतरवून घेतली, काम झालं.

आता हिशोब. स्ट्रेंथ (ताकद) ८, डेक्स (चपळाई) १४, कॉन (चिवटपणा) १२, इंटेलिजन्स १५, विस्डम (जाण) १४, करिश्मा (छाप) ८. सत्तावीसच्या सत्तावीस गुण खर्च, एक शिल्लक नाही. वंश रॉक नोम (बुटके, हुशार लोक) घेतल्यानं इंटेलिजन्स १७. चौथ्या लेव्हलला सगळे डेक्स वाढव म्हणत होते, मी ऑब्झर्व्हंट फीट (नजर तीक्ष्ण करणारी खास खुबी) घेतला, इंटेलिजन्स १८. इन्व्हेस्टिगेशनला (पुरावे शोधण्याच्या कौशल्याला) एक्स्पर्टीज, म्हणजे प्रावीण्याचे गुण दुप्पट, पहिल्या लेव्हलपासून. म्हणजे पाचव्या लेव्हलला पॅसिव्ह इन्व्हेस्टिगेशन (फासा न टाकता धरला जाणारा आकडा): मूळ १० + इंटेलिजन्सचे ४ + एक्स्पर्टीजचे ६ + ऑब्झर्व्हंटचे ५ = २५. पुस्तकात डीसी (काम जमायला लागणारा आकडा) २५ ला 'अतिशय अवघड' म्हटलंय. आमचे गडी विसाचा फासा फुंकून, कपाळाला लावून जे काढतात ते टिपकागदला जाता जाता दिसतं. हा पंचवीसचा आकडा मी शीटवर लाल पेनानं लिहून त्याभोवती चौकट केली होती. बायको म्हणाली, वीजबिलाची शेवटची तारीख अशी लिहिली असतीस तर दंड वाचला असता.

पहिले तीन-चार महिने मी या कॅरेक्टरला पाचपैकी दोन दिले असते. कारण साधं आहे. इन्व्हेस्टिगेशन इंटेलिजन्सवर, इनसाइट (समोरच्याचं मन ओळखणं) विस्डमवर आणि तलवार डेक्सवर. हुशार डिटेक्टिव्ह करायचा तर तीन ठिकाणी पैसे वाटावे लागतात, आणि मग कुठंच पोट भरत नाही. मारामारीत टिपकागद म्हणजे वरातीतला पाहुणा. इनसाइटफुल फायटिंग वाचायला झकास: बोनस ॲक्शन (पाळीतली जादाची छोटी कृती), आपलं इनसाइट विरुद्ध समोरच्याचं डिसेप्शन (थापा मारणं), जिंकलात तर मिनिटभर ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा धरणं) नसतानाही स्नीक अटॅक, म्हणजे वर्मी जादा वार. आउलबेअरवर (घुबड-अस्वलाचा राक्षस) चालतं, बिचाऱ्याला कुठं खोटं बोलता येतं! पण मुरलेला लबाड समोर आला की फासा दगा देतो. बरं, फासा कमी पडला तर आधाराला असलेलं इअर फॉर डिसीट (७ किंवा कमी आला तरी ८ धरायचा) फक्त माणूस खोटं बोलतोय का ते ओळखताना. मारामारीत ते लागू नाही, डीएमनं पुस्तक उघडून दाखवलं.

दुसरी तक्रार जास्त मोठी. पंचवीसमुळं खेळच संपायचा. दार उघडलं की डीएम सुरू: "टिपकागदला दिसतं की खिडकीची कडी आतून घासलीये, राखेत कागदाचा तुकडा आहे, गालिचा सरकवलाय." बाकीचे शेंगदाणे खात बसायचे. मी यादी उतरवून घ्यायचो. कारकुनी नुसती.

संक्रांतीला आमच्या सोलापूरच्या गड्ड्यामुळं (सिद्धेश्वराची जत्रा) दोन रविवार खेळ नव्हता. कुणाला नंदीध्वजाच्या मिरवणुकीत जायचं, कुणाच्या घरी पाहुणे. त्या सुट्टीत डीएमनं काहीतरी विचार केला असावा, कारण पुढच्या सेशनपासून तो मला जे दिसतं तेवढंच सांगायला लागला, त्याचा अर्थ सांगेना. आणि क्लेरिकच्या (आमच्यातल्या पुजारी पात्राच्या) झोन ऑफ ट्रुथ या मंत्राबद्दलचं माझं मतही तिथं बदललं. आधी वाटायचं, हा मंत्र असताना डिटेक्टिव्ह कशाला पाहिजे? पण मंत्रात अडकलेला माणूस खोटं बोलू शकत नाही, उत्तर टाळू मात्र शकतो. प्रश्न कसा विचारायचा हे शेवटी माझ्याच गळ्यात. तीन तारे.

आता त्या रविवारचं. आम्ही पूर्व भागात डीएमच्या गच्चीवर बसतो. खालच्या गल्लीत यंत्रमागाचा खडखडाट, रात्री नऊनंतर जरा कमी. खेळातलं शहर बंदराचं. एक सावकार गळा आवळून मारलेला. क्लेरिकनं स्पीक विथ डेड टाकला, प्रेताला पाच प्रश्न. मारेकरी मागून आला होता, प्रेताला काहीच माहीत नाही. त्यातला एक प्रश्न बार्बेरियननं वाया घालवला: "जेवला होता का?" (होता.) मग डीएम माझ्याकडं वळला. "सुतळी दोन तुकडे जोडून केलेली. जोडाची गाठ बारीक, चपटी. टोकं गाठीच्या अगदी जवळ कापलेली."

मी खूश. गेल्या महिन्यात रात्री जागून गाठींचे व्हिडिओ बघितले होते. गाठीचा आकार विचारला, डीएमनं कागदावर काढून दाखवला. शीट बेंड! खलाशांची गाठ! संशयितांत एकच खलाशी. टिपकागदनं ऐटीत चौकशी केली, खलाशाला पहारेकऱ्यांच्या हवाली केलं.

"खलाशी कशाला टोकं कापेल बे?" बार्बेरियन म्हणाला. म्हणजे तो खेळणारा गडी. घरी तेलुगू, बाहेर मराठी, वडिलांचे माग होते. "ओढ लागली की सुटंल ना गाठ. ही मागावरची हाय. टोकं ठेवली तर मागाच्या फणीत अडकत्यात." खाली अंथरलेल्या चादरीच्या दशीतून त्यानं दोन धागे ओढले, एका हाताच्या दोन बोटांत धरले, अंगठा फिरवला आणि टोकं दातानं तोडली. दोन सेकंदं. गाठीवरून नख फिरवलं तर जोड कुठंय ते कळेना. आकार तोच, खलाशाचा आणि विणकराचा. फरक फक्त टोकांत, आणि टोकं जवळ कापलीत हे मला पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं.

मी भांडलो. मेटागेमिंग आहे म्हणालो, म्हणजे पात्राला ठाऊक नसलेलं खेळाडूनं वापरणं. इंटेलिजन्स ८ च्या, जंगलात वाढलेल्या बार्बेरियनला मागातलं काय कळतं? अर्धा तास वाद, चहा गार. शेवटी डीएम म्हणाला, "त्यानं तुला सांगितलं. आता टिपकागद बोलू दे. पंचवीस कशाला ठेवलेत?" टिपकागद बोलला, खलाशी सुटला, विणकर सापडला. अनुभवगुण सगळ्यांना सारखे. मला ते अजून पटलेलं नाही, पण तारे चार करतोय. घेणाऱ्यानं २०१४ च्या नियमांतच घ्यावा. नव्यात ऑब्झर्व्हंटचे ते पॅसिव्ह ५ गेलेत आणि त्यांच्याशिवाय माझी लाल चौकट विसावर येते.

पुढच्या लेव्हलला दोन एक्स्पर्टीज मिळतील, एक परसेप्शनला (आजूबाजूचं टिपण्याला) ठरलंय. आणि टिपकागदनं विणकामाची हत्यारं शिकायला घेतलीत. नियमाप्रमाणं २५० दिवस, रोज एक सोन्याचं नाणं. अकरा दिवस झाले. पैसे मी देत नाही म्हटल्यावर बार्बेरियन मलाच शिकवतोय, गच्चीवर, दर रविवारी, शेंगाचटणीच्या पाकिटावर. घरातली जुनी फणी घेऊन येतो आणि माझा जोडलेला धागा तिच्यातून ओढून बघतो. अडकतो.