आठ महिने जपानी लोशन, आणि उरलेली एक कोरियन बाटली

नोव्हेंबरात आम्ही टोकियोला आलो, तेव्हा माझ्या बॅगेत एक वेगळी पिशवी होती, फक्त कोरियन बाटल्यांची. पुण्यात दोन वर्षं मी तेच लावत होते. टोनर, एसेन्स, गोगलगायीच्या स्रावाचं ते चिकट द्रव्य, सीरम, क्रीम, वरून सनस्क्रीन, आणि रविवारी शीट मास्क. चेहऱ्याला तकाकी यायची, हे खरं आहे. पण उन्हाळ्यात पाच थर चढवले की कपाळावर साबुदाण्यासारखं बारीक पुरळ उठायचं, आणि ते घालवायला मी सहावी बाटली आणायचे. दुसऱ्या बाळंतपणानंतर गालांवर आलेला वांग मात्र होता तिथेच होता.

टोकियोचा हिवाळा कोरडा असतो हे ऐकून होते, पण किती, ते डिसेंबरात कळलं. अंघोळीनंतर दहा मिनिटांत गाल ताणायला लागायचे आणि ओठांच्या कडा फुटायच्या. त्यात पिशवीतल्या बाटल्या संपत आल्या होत्या. म्हणून निशी-कासाईच्या स्टेशनजवळच्या औषधांच्या दुकानात गेले आणि 'लोशन' लिहिलेली बाटली उचलून आणली. घरी येऊन पाहते तर आत चक्क पाणी! जपानमध्ये लोशन म्हणजे केशोसुई, तोंड धुतल्यावर लावायचं पाण्यासारखं द्रव्य. आपण ज्याला लोशन म्हणतो, त्या दुधासारख्या पातळ क्रीमला इथे न्यूएकी म्हणतात आणि ते नंतर लावायचं असतं. दुसरी चूक म्हणजे बाटलीवर 'साप्पारी' लिहिलं होतं, म्हणजे हलकं, तेलकट त्वचेसाठी. मला हवं होतं 'शित्तोरी', म्हणजे ओलावा धरून ठेवणारं. हे दोन शब्द चिनी अक्षरांत नसतात, साध्या हिरागाना लिपीत असतात, त्यामुळे चार दिवसांत ओळखता येतात. मी ते ओळखले आठशे येन घालवून.

मग आणलं रोह्तो कंपनीचं हादा लाबो गोकुज्युन. ही ओसाकाची १८९९ सालची जुनी कंपनी, डोळ्यांच्या औषधांसाठी प्रसिद्ध. १७० मिलीची साधी पांढरी बाटली, ना वास, ना रंग. आत वेगवेगळ्या प्रकारचं हायलुरॉनिक अ‍ॅसिड आहे. लावायची रीत अशी: तोंड ओलसर असतानाच रुपयाएवढं द्रव्य तळहातावर घ्यायचं, दोन्ही हातांना लावायचं आणि गालांवर दाबत राहायचं. चोळायचं नाही, नुसतं दाबायचं. सात-आठ वेळा दाबलं की तळहात गालाला किंचित चिकटतो आणि उचलताना बारीक 'चप्' आवाज येतो. हाच तो 'मोची-मोची' स्पर्श, मोची या तांदळाच्या मऊ, चिकट पदार्थासारखा. कोरियन जाहिरातींत त्वचा काचेसारखी चकाकायला हवी असते, इथे ती मऊ आणि फुगीर हवी असते. मला हा फरक आरशात नाही, हाताला कळला.

एक मात्र सांगते, नुसतं हे लावून कोरड्या हवेत बसू नका. हायलुरॉनिक पाणी धरतं, पण वरून झाकण हवंच. पहिला आठवडा मी न्यूएकी टाळलं आणि चेहरा आणखी ओढला गेला. वर दोन थेंब न्यूएकी लावायला लागल्यावर पंधरा दिवसांत गालांचे पापुद्रे गेले. बाटली दीड महिना पुरते. नंतर नुसतं पाकीट आणायचं, त्सुमेकाए म्हणतात त्याला, आणि त्याच बाटलीत ओतायचं. मी आता पाचव्या पाकिटावर आहे.

क्लेन्झिंग ऑइलबद्दल फार लिहीत नाही. डीएचसी या जपानी कंपनीचं ऑलिव्ह तेलाचं आणलं. कोरड्या हाताने कोरड्या तोंडाला लावायचं, मग पाण्याचा हात फिरवला की ते दुधासारखं पांढरं होऊन निघून जातं. आधी तेल, मग उटणं, हे आपल्याला दिवाळीला कुणी शिकवावं लागत नाही. त्यामुळे कोरियन 'डबल क्लेन्झिंग'चं मला कधी फारसं नवल वाटलं नव्हतं. तेल जपान्यांचं जास्त आवडलं, सहज सुटतं.

सनस्क्रीनवर मात्र बोलायलाच हवं. डब्यांवर दिसणारं 'पीए' आणि पुढची अधिकची चिन्हं मूळ जपानची, १९९६ पासूनची; चौथं चिन्ह २०१३ मध्ये आलं. एसपीएफ मुख्यतः त्वचा भाजण्यापासूनचं संरक्षण सांगतं, पीए हे यूव्हीएपासूनचं, म्हणजे त्वचेत खोल जाणाऱ्या अतिनील किरणांपासूनचं, आणि वांग असणाऱ्यांना यूव्हीए चांगलंच नडतं. काओ या जपानी कंपनीच्या बिओरे यूव्ही अ‍ॅक्वा रिच या सनस्क्रीनचा पोत इतका पाणीदार आहे की दोन बोटं भरून घेतलं तरी जड वाटत नाही, आणि पुरेसं लावलं गेलं तरच आकड्याला अर्थ. माझी कोरियन तांदळाची सनस्क्रीन क्रीमसारखी होती. हिवाळ्यात सुखाची, मे महिन्यात नकोशी. पण बऱ्याच पाणीदार जपानी सनस्क्रीनमध्ये अल्कोहोल बरंच असतं. त्यातल्या एकीने माझे डोळे इतके झोंबले की भर रेल्वेत पाणी गळत होतं, शेजारच्या आजींनी न बोलता टिश्यू पुढे केला. आणि 'टोन-अप', म्हणजे रंग उजळ दाखवणारं, असं लिहिलेलं काहीही, जपानी असो की कोरियन, आपल्या रंगावर राख फासल्यासारखं दिसतं.

आता वांग. इथे 'इयाकुबुगाइहिन' असा एक सरकारी वर्ग आहे, औषध आणि सौंदर्यप्रसाधन यांच्या मधला. त्यात ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड असलेली लोशनं मिळतात. हे तेच, जे पाळीत रक्तस्राव जास्त होतो तेव्हा आपल्याकडे डॉक्टर गोळीत देतात. उताको ओकामोतो या जपानी डॉक्टर आणि त्यांचे पती यांनी त्यावरचं काम १९६२ मध्ये प्रसिद्ध केलं होतं. बाटलीवर 'बिहाकु' म्हणजे शब्दशः गोरेपणा लिहिलेलं असतं, म्हणून आधी मी नाक मुरडलं. पण कायद्याने त्याचा अर्थ एवढाच की मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं रंगद्रव्य, तयार होणं रोखून डाग येऊ न देणं. काओने २०२१ मध्ये तो शब्द वापरणंच थांबवायचं ठरवलं. सहा महिन्यांनी माझा वांग पुसट झाला, गेला नाही. कडा विरल्या, मधला पट्टा आहे. मेमध्ये पुण्याला गेले तेव्हा त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की वांगाला दृश्य प्रकाशही त्रास देतो, आयर्न ऑक्साइडची रंगीत सनस्क्रीन लाव. हे मला ना जपानी दुकानात कळलं होतं, ना कोरियन व्हिडिओंमध्ये.

कोरियन सोडलं का? सगळं नाही. सेंटेलाचं, म्हणजे मंडूकपर्णीचं, एक क्रीम ठेवलंय, त्वचा लाल झाली की तेच लागतं. त्या कामाचं जपानी काही मला सापडलं नाही. नवं काही करून बघण्याची हौस कोरियन दुकानांतच भागते, आणि त्यांची वेष्टनं अशी गोड की रिकामी डबीसुद्धा टाकवत नाही. जपानी बाटल्या म्हणजे खोकल्याचं औषध.

पुण्यात मेच्या उकाड्यात शित्तोरी लावलं तर घाम आणि लोशन कुठलं ते कळेना, आईने तर "पाणीच आहे की गं हे" म्हणून मानेवर शिंपडलं. परत आले तर इथेही पावसाळा, त्सुयू, सुरू झालाय आणि भिंती दमट आहेत. डिसेंबरात चुकून आणलेली साप्पारीची बाटली कपाटामागे तशीच होती. कालपासून तीच लावतेय.