जनुकीय नमुना शिबिर: संमती चोख, नात्यांचा फॉर्म कच्चा

देवगड तालुक्यातल्या एका मच्छीमार गावात जनुकीय अभ्यासासाठी लाळेचे नमुने घेणाऱ्या शिबिराचा हा आढावा. यांत्रिक होड्यांच्या पावसाळी मासेमारीबंदीत, म्हणजे १ जून ते ३१ जुलैच्या दरम्यान, शिबिर ठेवलं हे आयोजकांचं शहाणपण. एरवी गाबीत पुरुष समुद्रावर असतात आणि नमुने फक्त घरात सापडणाऱ्यांचे मिळतात.

"आमची थुंकी कशाला?" हा प्रश्न आलाच. उत्तर नेमकं होतं. २०१६ साली जगभरच्या अशा अभ्यासांतले ८१ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. हृदयाच्या स्नायूशी संबंधित एमवायबीपीसी३ जनुकातला डीएनएची २५ अक्षरं गळण्याचा दोष भारतीय उपखंडात सुमारे ४ टक्के लोकांत आहे, युरोपात जवळपास नाहीच. तिकडच्या नमुन्यांत तो कितीही शोधला तरी हाती लागला नसता.

किट साधं. रेघेपर्यंत २ मिली लाळ, फेस धरायचा नाही. झाकण घट्ट लावलं की त्यातलं द्रावण नळीत उतरतं, मग ५ सेकंद हलवायचं. आधी अर्धा तास खाणं, पिणं, तंबाखू बंद. म्हाताऱ्या बायकांची मिशेरी इथेच आडवी आली. चूळ भरून लगेच नळी हातात दिली, तर लाळेत तंबाखूचे कण राहतात आणि प्रयोगशाळेतली प्रक्रिया अडते. तोंड कोरडं पडलेल्यांचे गाल बाहेरून चोळायला सांगितले, ते बरं झालं. पावसाळी हवेत ओल्या नळीवर बारकोड टिकत नाही. कोरडं फडकं मात्र कुणी आणलं नव्हतं.

खरी गडबड नात्यांत. नमुने एकमेकांशी रक्ताचं नातं नसलेल्यांचे हवेत, नाहीतर तीच माहिती दोनदा मोजली जाते. फॉर्मवर प्रश्न एकच: "जवळचे नातेवाईक आले आहेत का?" परिणामी तांडेलाच्या (होडीच्या म्होरक्याच्या) मेव्हण्याला परत पाठवलं आणि चुलतभावाचा नमुना घेतला. मेव्हण्याशी रक्ताचा संबंध नाही (मामाची मुलगी केली असेल तर गोष्ट वेगळी). वाडीत आडनाव एक म्हणजे बहुतेक भावकीच. आजोबांचं गाव, आईचं माहेर, दोन्ही आज्यांची माहेरं, एवढं विचारलं तरी पुष्कळ भागतं.

संमतीपत्र मालवणीत वाचून दाखवलं. नमुना साठवणं, माहिती इतर संशोधकांना देणं, पुन्हा संपर्क करणं, तिन्हींना वेगळी सही. नमुना कधीही मागे घेता येईल, पण एकत्र झालेल्या माहितीतून तुमचा भाग मग काढता येणार नाही, हेही स्पष्ट सांगितलं. याला पूर्ण गुण.

साखर आणि हिमोग्लोबिनचे आकडे तिथल्या तिथे कागदावर मिळाले. जनुकीय अहवाल मात्र कुणालाही व्यक्तिशः मिळणार नाही, हे नमुना दिल्यावर कळलं. अशा अभ्यासात ते रीतसर आहे, पण सांगायची वेळ चुकली. "गावाला निष्कर्ष कधी?" यावर "कळवू". कोण कळवणार, कुठल्या नंबरवरून, काही नाही.

५ पैकी ३. पुढच्या गावात जाण्याआधी नात्यांचा फॉर्म बदला आणि संमतीपत्राच्या मागे एक चालू फोन नंबर छापा.