क्लोमिफीन की लेट्रोझोल? ट्रायग्लिसराइड वाढलेलं असेल तर

पीसीओडी आहे, पाळी दोन-दोन महिने पुढे जाते आणि डॉक्टरांनी बीज तयार होण्यासाठी गोळ्या सुचवल्यात. चिपळूणला दाखवा की कणकवलीला, समोर बहुतेक दोनच नावं येतात: क्लोमिफीन आणि लेट्रोझोल. दोन्ही पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस घ्यायच्या. दोन्हींबरोबर फॉलिक्युलर स्टडीसाठी, म्हणजे बीज किती वाढलंय हे पाहण्यासाठी, सोनोग्राफीच्या फेऱ्या आल्याच, म्हणजे रत्नागिरीपासून लांब राहणारीला भर पावसात एसटीचे हेलपाटे. त्या बाबतीत दोघींत डावं-उजवं नाही. फरक पडतो तो रक्तातल्या चरबीच्या बाबतीत, आणि तपासणीच्या घाईत तोच विषय राहून जातो.

क्लोमिफीन जुनं, अमेरिकेत १९६७ मध्ये मान्यता मिळालेलं. मेंदूला इस्ट्रोजेन कमी पडतंय असं ते भासवतं, मग मेंदू बीजांडकोशाला कामाला लावतो. पण या औषधाचा आणखी एक परिणाम आहे. शरीर कोलेस्टेरॉल बनवतं तेव्हा एका वाटेवर शेवटी डेस्मोस्टेरॉलचं कोलेस्टेरॉल होतं. ही पायरी पार पाडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) क्लोमिफीन अडवतं आणि डेस्मोस्टेरॉल साठू लागतं. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीत, ते वेगळं दिसत नाही. याच पायरीवर काम करणारं ट्रायपॅरानॉल हे कोलेस्टेरॉलचं औषध १९६२ मध्ये बाजारातून काढावं लागलं, कारण रुग्णांना मोतीबिंदू होऊ लागले. ते मात्र रोज, दीर्घकाळ घ्यायचं औषध होतं. पाच दिवसांच्या क्लोमिफीनला त्याच मापाने मोजून घाबरू नका. गोळ्या चालू असताना नजर अंधूक झाली किंवा डोळ्यांपुढे चमकू लागलं, तर मात्र पुढची गोळी न घेता डॉक्टरांना कळवा.

मला खरी काळजी वाटते ती ट्रायग्लिसराइडची, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या दुसऱ्या एका प्रकाराची. क्लोमिफीन घेताना ते खूप वाढल्याच्या, क्वचित स्वादुपिंडाला सूज आल्याच्याही नोंदी आहेत. ज्यांचं आधीच वाढलेलं आहे, घराण्यात हा त्रास आहे किंवा डोस जास्त आणि जास्त दिवस चालला आहे, त्यांना धोका अधिक. पीसीओडीत ट्रायग्लिसराइड वाढणं आणि चांगलं कोलेस्टेरॉल कमी असणं तसंही नेहमीचंच.

लेट्रोझोल इस्ट्रोजेन तयार होणंच तात्पुरतं कमी करतं, डेस्मोस्टेरॉलच्या पायरीला हात लावत नाही. स्तनाच्या कर्करोगात ते वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत कोलेस्टेरॉल वाढलेलं आढळतं, पण इथे प्रश्न पाच दिवसांचा. दोनेक आठवड्यांत ते शरीरातून जवळपास निघून जातं. क्लोमिफीनचा एक घटक त्याहून बराच जास्त काळ रेंगाळतो. भारतात २०११ मध्ये वंध्यत्वासाठी लेट्रोझोलवर बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. जुन्या बातम्या वाचून घरातलं कुणी हटकलं, तर हे सांगा. आणि मूल होण्याच्या दृष्टीने पाहिलं तर पीसीओडी असलेल्या ७५० बायकांच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लेट्रोझोलवर २७.५ टक्के जणींना मूल झालं, क्लोमिफीनवर १९.१ टक्के. आज पीसीओडीत पहिली पसंती लेट्रोझोललाच आहे.

तेव्हा ट्रायग्लिसराइड वाढलेलं असेल तर माझा कौल सरळ लेट्रोझोलला. रिपोर्ट स्वच्छ असेल आणि डॉक्टरांनी काही कारणाने क्लोमिफीन दिलं असेल, तर निव्वळ कोलेस्टेरॉलच्या भीतीने ते नाकारू नका.

आधी रिपोर्ट मात्र खरा हवा. पहाटेची एसटी धरायची, स्टँडवर चहा-खारी घ्यायची आणि तसंच लॅबमध्ये रक्त द्यायचं, की ट्रायग्लिसराइडसमोर २१० आणि शेजारी ठळक अक्षरात ‘हाय’ उमटू शकतं. आकडा खाण्यामुळे चढलाय की मुळातच जास्त आहे, हे त्यावरून सांगता येत नाही. रात्रीच्या जेवणानंतर दहा-बारा तास फक्त पाणी, मग रक्त. उपाशीपोटी १५० च्या आत हवं. ५०० च्या वर गेलं तर कोणतीही गोळी सुरू करण्याआधी ते खाली आणायला हवं, कारण गरोदरपणात ट्रायग्लिसराइड आपसूकच दुप्पट-तिप्पट होतं. आहारात साखर, मैदा, बेकरीचे पदार्थ आधी कमी करा. बांगडा-तारली खुशाल खा, पण तळून नको. सोलकढीतलं नारळाचं दूध थोडं आवरा.

कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. गर्भधारणेचा प्रयत्न सुरू होण्याआधी ही गोळी सहसा बंद केली जाते, पण ती स्वतःच्या मनाने थांबवू नका.