बॅटरी ग्रिप घ्यावी की दोन जादा बॅटऱ्या?

डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याच्या तळाशी बसणाऱ्या या वस्तूचं नाव ‘बॅटरी ग्रिप’ असलं, तरी ती घ्यायची की नाही हे त्यातल्या ‘ग्रिप’वरून, म्हणजे पकडीवरून ठरवावं, ‘बॅटरी’वरून नव्हे, असं माझं ठाम मत आहे. बरेच जण उलटं करतात. दिवसभराच्या कामात बॅटरी संपते म्हणून ग्रिप घेतात आणि दोन महिन्यांनी ती कपाटात जाते, कारण त्यांना हवा होता फक्त चार्ज, आणि तो खिशातल्या बॅटरीनेही मिळाला असता.

आधी चार्जचाच हिशोब करू. कॅननच्या ८०डी किंवा ५डी मार्क ४ला ग्रिप लावताना कॅमेऱ्याच्या बॅटरीचं झाकण आणि आतली बॅटरी काढावी लागते. ग्रिपचा उभा दांडा त्या रिकाम्या खणात शिरतो आणि दोन बॅटऱ्या ग्रिपमध्ये बसतात. निकॉनच्या डी७२००, डी५०० किंवा डी८५०मध्ये रचना वेगळी आहे: कॅमेऱ्यातली बॅटरी जागेवरच राहते आणि ग्रिपमध्ये आणखी एक घालायची. दोन्हीकडे बेरीज दोनच होते. ८०डीची एक बॅटरी सीआयपीए या कॅमेरा उद्योगाच्या संघटनेच्या प्रमाणित चाचणीत ९६० फोटो देते, म्हणजे ग्रिप लावून साधारण १९००. एक बॅटरी कॅमेऱ्यात आणि दुसरी खिशात असली तरी आकडा तोच! खिशात दोन असतील तर ग्रिपच्याही पुढे जाता.

मग फरक पडतो तो बॅटरी बदलायच्या दहा-पंधरा सेकंदांत. सोहळ्यातला परत न येणारा क्षण, मंचावरचा सलग कार्यक्रम, किंवा टाइमलॅप्स (ठरावीक अंतराने काढलेल्या फोटोंचा व्हिडिओ), ज्यात कॅमेऱ्याला हात लागला तरी चौकट हलते, अशा ठिकाणी ते सेकंद फार महाग पडतात. तिथे ग्रिप खरोखर उपयोगी आहे. पण निसर्गचित्रण, प्रवास, घरातल्या मुलांचे फोटो अशा कामांत ते सेकंद कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

थंडीत तर जादा बॅटरी सरळसरळ जिंकते. लिथियम-आयन बॅटरी गार झाली की तिची ताकद तात्पुरती घटते. ग्रिपमधल्या दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी गारठतात. आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवलेली बॅटरी मात्र ताजी राहते, आणि कॅमेऱ्यातली दमली की अदलाबदल करता येते. बर्फात जाणाऱ्याला मी म्हणूनच ग्रिप सुचवत नाही.

निकॉनवाल्यांसाठी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. ग्रिप लावलेली असताना कॅमेऱ्यातल्या बॅटरीपर्यंत हात पोचत नाही. ती काढायला आधी अख्खी ग्रिप सोडवावी लागते. म्हणून मेनूमध्ये ‘आधी ग्रिपची बॅटरी वापर’ असा क्रम लावून ठेवा. काही ग्रिपमध्ये डबल-ए, म्हणजे साध्या पेन्सिल सेलचा कप्पाही चालतो. अडीअडचणीला तो बरा, पण सेलचा प्रकार मेनूत बरोबर निवडावा लागतो, नाहीतर उरलेल्या चार्जचा अंदाज चुकतो.

आता हाताची बाजू. माझ्या मते खरा कौल इथेच लागतो.

ग्रिपशिवाय उभा फोटो काढताना उजवा कोपर वर उचलावा लागतो, मनगट मुरडतं आणि कॅमेऱ्याचं वजन बोटांवर लटकतं. दहा फोटोंना काही वाटत नाही. पण सलग तीन तास व्यक्तिचित्रं काढायची असतील तर आधी खांदा बोलू लागतो आणि मग हात थरथरतो. ग्रिपवर दुसरं शटर बटण असतं, डायल असते, बहुतेक चांगल्या ग्रिपवर फोकसचं बटणही असतं. कॅमेरा उभा धरला तरी कोपर बरगडीला टेकलेला राहतो. कमी उजेडात, म्हणजे शटर १/६० सेकंदाच्या आसपास उघडं असताना, या टेकलेल्या कोपराने माझे कितीतरी फोटो वाचवले आहेत. मी ग्रिप वापरतो ती याच एका कारणासाठी.

दुसरा फायदा करंगळीचा. लहान बॉडीवर (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यावर) मोठ्या हाताची करंगळी कॅमेऱ्याखाली अधांतरी राहते. ग्रिपमुळे तिला जागा मिळते. ७०-२०० एफ/२.८सारखी दूरचं टिपणारी, सुमारे दीड किलोची लेन्स पुढे असेल तर मागचं वजन वाढल्याने तोलही सुधारतो.

पण ५० मिलिमीटरची छोटी लेन्स लावून रस्त्यावर फिरणाऱ्याला याच गोष्टी जड होतात. ग्रिप आणि जादा बॅटरी धरून वजन अंदाजे ३०० ते ४५० ग्रॅमने वाढतं, तर कॅननच्या एलपी-ई६ वर्गातली सुटी बॅटरी जेमतेम ८० ग्रॅमची असते. ग्रिप लावलेला कॅमेरा लहान पिशवीत उभा मावत नाही, आणि समोरचा माणूस मोठा कॅमेरा पाहून सावध होतो तो वेगळाच.

ट्रायपॉडवर दोन्ही बाजूंना गुण आहेत. ट्रायपॉडला जोडायची प्लेट ग्रिपच्या तळाला लावली तर बॅटरीचा कप्पा बाजूने उघडतो, त्यामुळे प्लेट न काढता बॅटरी बदलता येते. पण कॅमेरा आणि ट्रायपॉड यांच्यामध्ये आणखी एक सांधा येतो. ग्रिप एकाच स्क्रूने धरलेली असते. तो जरा सैल असला, तर लांब एक्स्पोजरमध्ये (शटर बराच वेळ उघडं ठेवून काढलेल्या फोटोत) किंवा जड लेन्सवर ती हालचाल फोटोत दिसते. लेन्सची स्वतःची कॉलर (लेन्सच थेट ट्रायपॉडला जोडणारी कडी) असेल तर हा प्रश्न बराच मिटतो. रात्रीचं आकाश टिपायचं असेल तर मी ग्रिप काढून ठेवतो.

‘ग्रिप लावली की कॅमेरा वेगाने फोटो काढतो’ हे काही मोजक्या मॉडेलांपुरतंच खरं आहे. निकॉन डी७०० एमबी-डी१० ग्रिप आणि योग्य बॅटरीसह सेकंदाला ५ऐवजी ८ फोटो काढतो. डी८५० ७वरून ९वर जातो, पण त्यासाठी एमबी-डी१८मध्ये ईएन-ईएल१८ मालिकेतली मोठी बॅटरी, तिचं वेगळं झाकण आणि वेगळा चार्जर लागतो. नेहमीची ईएन-ईएल१५ घातली तर वेग ७च राहतो. कॅनन ५डी मार्क ४ ग्रिपशिवायही ७ आणि ग्रिपसहही ७. तसंच, वर बसवलेला फ्लॅश ग्रिपमधून वीज घेत नाही, त्याचे सेल वेगळेच.

कंपनीची ग्रिप की दुसऱ्या उत्पादकाची? धूळ-पावसात काम असेल तर कंपनीचीच, कारण सांध्यांचं सील स्वस्त ग्रिपमध्ये बहुधा नसतं. माझ्याकडे आलेली एक स्वस्त ग्रिप कॅमेरा बंद असतानाही रात्रभर बॅटरी पीत होती. सकाळी कामावर पोचलो तेव्हा दोन्ही बॅटऱ्या अर्ध्यावर होत्या. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांसाठी मात्र कंपनीची ग्रिपच नाही. इतरांच्या ग्रिपला शटर बटण चालवायला बहुधा बाजूने वायर जोडावी लागते. अशा बॉडीवर ग्रिपचा मोह टाळून दोन बॅटऱ्या घ्याव्यात.

माझा सल्ला विचाराल, तर आधी तुमचे गेल्या काही महिन्यांतले फोटो उघडा आणि उभे किती, आडवे किती ते मोजा. निम्म्याहून जास्त उभे असतील आणि एका बैठकीत शेकडो काढत असाल तर ग्रिप घ्या. तसं नसेल तर बॅटऱ्या. दोघांच्या मध्ये असाल तर मित्राची ग्रिप एक दिवस मागून आणा. पण तिच्यावर तुमच्याच मॉडेलचा क्रमांक आहे ना ते पाहा. एकाच मालिकेतल्या दोन पिढ्यांची ग्रिपही अनेकदा एकमेकांना बसत नाही. लावल्यावर स्क्रू घट्ट करा, लेन्सला धरून कॅमेरा हलकेच पिळून पाहा. खडखड जाणवली किंवा कॅमेरा क्षणभर बंद पडून चालू झाला, तर ती ग्रिप तिथेच परत करा.